ओब्रादची सावड

यासेनिक गावाच्या नदीकाठच्या आळीत सत्तरी ओलांडलेला पुरुष एकच होता. त्याचं नाव विदोसाव, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

त्या आळीला किडनीचं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेलं. बेलग्रेडहून डॉक्टर यायचे, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचे, कोठारातला गहू मुठीमुठीनं पुड्यांत बांधायचे. कुणी म्हणे, गव्हात उगवणाऱ्या एका तणाचं बी पिठात दळलं जातं, त्याचा हा प्रताप. ते ठरेपर्यंत विदोसावचा बाप एक्कावन्नाव्या वर्षी गेला, चुलता अठ्ठेचाळिसाव्या. वरच्या आळीतले लोक या आळीत मुली देत नसत, आणि या आळीतले लोक, दुखणं आमच्यात नाही, शेजारच्या घरात आहे, असं सांगत. गावात म्हणच पडली होती की नदीकाठचा माणूस एकदा निजला की उठत नाही.

विदोसाव निजायचा आणि उठायचा. गेली चार वर्षं सोमवार, बुधवार आणि शुक्रवार पांढरी गाडी दारात यायची, तालुक्याच्या इस्पितळात न्यायची, चार तास मशीन त्याचं रक्त धुऊन परत द्यायचं आणि दुपारी गाडी त्याला आणून सोडायची. डाव्या हाताच्या कोपराखाली शीर फुगलेली होती, तिला हात लावला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घूंघूं लागायची. पाणी दिवसाला पाऊण लिटर, आणि त्यातच दूध, सूप, कॉफी सगळं आलं. त्याची बायको लेपोसावा रोज सकाळी एक बाटली भरून ठेवी. तो कॉफी प्यायला की तेवढंच पाणी ती त्या बाटलीतून खिडकीतल्या फुलझाडाला ओती. बाटली रिकामी, दिवस संपला. घरात सगळ्यांत तुकतुकीत कोण, तर ते फुलझाड.

त्या जूनमधल्या सोमवारी गाडीत क्रुना त्याच्या शेजारी बसली होती. क्रुना अडुसष्ट वर्षांची विधवा, त्याच मशीनवाली, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. येत्या रविवारी वरच्या आळीतल्या ओब्रादनं गवत कापायला इर्जिक घातलीय, शेजाऱ्यांना मदतीला बोलावलंय, हे तिनं सांगितलं. कोणाकोणाला बोलावलं तेही सांगितलं. मिलिसावला बोलावलं, वळणावरच्या दोघा भावांना बोलावलं, आणि पोस्टमनलासुद्धा, ज्याला विळ्याची कुठली बाजू धरायची ते अजून कळत नाही. "तुला तर पहिला निरोप आला असेल," ती म्हणाली. "त्याची सावड आहे ना तुझ्याकडं."

विदोसाव म्हणाला, आला की. मग खिडकीबाहेर बघत बसला. निरोप आला नव्हता.

सावडीची गोष्ट अशी. गेल्या जूनमध्ये विदोसावच्या छातीत पाणी झालं आणि तो तीन आठवडे इस्पितळात पडून राहिला. घरी आला तो दोन काठ्यांवर. गवत कमरेएवढं उभं, उद्या पावसानं लोळवलं तर कुजणार, आणि मुलगी दूर व्हिएन्नात. तेव्हा ओब्राद न बोलावता आला आणि दोन सकाळी एकट्यानं त्याचं सगळं गवत कापून गेला. दोघं एका बाकावर शाळेत बसलेले. त्या गावात पैशानं काम करून घेतात, पण शेजाऱ्याच्या विळ्याला पैसे देत नाहीत. विळ्याची फेड विळ्यानंच, हीच सावड. आणि रविवारी स्वतःच्या शेतात विळा धरणं पाप असलं तरी दुसऱ्याच्या शेतात धरलं तर देवसुद्धा काणाडोळा करतो, त्या घोळक्यात मालकाकडंही, म्हणून इर्जिक रविवारची.

मंगळवारी सकाळी विदोसाव वरच्या आळीला चढला. चढ काही मोठा नाही, बकऱ्या तो धावत चढतात. त्याला दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा त्यानं वाकून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की नाडीच सैल होती. बघणारं मात्र कुणी दिसलं नाही.

ओब्राद अंगणात लाकडी दंताळ्याला नवे दात बसवत होता. त्याच्या बायकोनं न विचारता कॉफी आणून ठेवली आणि आत गेली.

"रविवारी इर्जिक आहे म्हणे," विदोसाव म्हणाला.

"आहे."

"मला निरोप नाही आला."

ओब्रादनं एक दात ठोकून बसवला, हलवून बघितला. "तुला कशाला त्रास? तू मशीनवरून उतरणारा माणूस."

"गेल्या साली दोन सकाळी तू माझं गवत कापलंस."

"कापलं. मग?"

"मग सावड आहे माझ्याकडं."

"राहू दे रे विदोसाव," ओब्राद म्हणाला, आणि खरोखरच मायेनं म्हणाला. "मी सोडली ती."

विदोसावला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. त्या गावात सावड कुणी कुणाला सोडत नाही. जावई असो की वैरी, एक दिवसाचा एक दिवस परत घेतात. सोडतात ती फक्त अशा घरची, जिथला कर्ता गेला किंवा जायच्या वाटेवर आहे. विदोसाव नऊ वर्षांचा असताना ओब्रादचा बाप असाच त्यांच्या दारात उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन. आत खाटेवर विदोसावचा बाप होता. "राहू दे, सोडली मी," असं ओब्रादचा बाप म्हणाला होता, याच आवाजात. आई रुमालाआड रडली होती आणि तीन आठवड्यांनी बाप गेला होता. बापाला दुखण्यानं मारलं हे विदोसावला कळत होतं. पण त्या शब्दांनंतर बाप उठायचा प्रयत्नसुद्धा करेनासा झाला, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"चर्चमध्ये मेणबत्ती कुठं लावतोस माझी?" त्यानं विचारलं. "वर, जित्यांच्या खणात? का खालच्या वाळूत, मेलेल्यांबरोबर?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. कॉफी घे."

"सांग तरी, म्हणजे मला कळेल कुठल्या बाजूला उभं राहायचं ते."

आता ओब्रादही तापला. त्यानं दंताळं खाली टाकलं. "अरे, माझ्या चढावर तू दोनदा थांबलास, मी वरून बघत होतो. नाडी बांधतोय म्हणे. माझ्या गवतात पडून मेलास तर लेपोसावाला मी काय तोंड दाखवू?"

विदोसाव उठला. कॉफीला त्यानं ओठ लावला नाही. यासेनिकमध्ये कॉफी तशीच टाकून जाण्याइतका मोठा अपमान नाही, आणि उतार उतरताना त्याला त्याचं बरं वाटलं. अर्ध्या वाटेवर मात्र हळहळ वाटू लागली, कारण त्या कॉफीसाठी जागा ठेवायची म्हणून तो सकाळपासून पाण्याचा घोट न घेता राहिला होता.

घरी येऊन त्यानं लेपोसावाला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ओब्राद बोलला ते वाईट, पण खोटं काय बोलला? विळा धरून तुला दोन वर्षं झाली. विदोसाव पडवीत गेला, खुंटीवरचा विळा काढला. तो पुरुषभर उंच दांड्याचा, दोन्ही हातांनी धरायचा विळा बापाचाच होता. घेऊन तो घरामागच्या उतारावर गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती मागून म्हणाली, आणि वाटाण्याचं भांडं घेऊन स्वतःही मागोमाग जाऊन प्लमच्या झाडाखाली बसली.

पहिले दहा हात बरे गेले. मग त्यानं जुन्या सवयीनं डाव्या हातावर जोर दिला, हात ओढला गेला, पाय घसरला आणि तो गवतात बसकन मारून पडला. विळा एका बाजूला गेला हे बरं झालं. उठायला गेला तर मांड्या थरथरल्या. पुन्हा गेला, पुन्हा खाली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि एक गोगलगाय त्याच्या बुटावरून निवांत चालली होती. त्याला वाटलं, बायको आता धावत येईल. ती आली नाही. ती वाटाणे सोलत राहिली.

शेवटी तो गुडघ्यावर आला, मग विळ्याच्या दांड्यावर भार टाकून उभा राहिला. झाडाखाली गेला आणि रागानं म्हणाला, नवरा मेला का जिवंत आहे, एवढं तरी बघायचं होतंस.

"बघत होते की," लेपोसावा म्हणाली. भांडं तिनं पुढं केलं. "तू पडलास तेव्हा तळ दिसत होता. उठलास तेव्हा हे एवढं झालं."

भांडं जवळजवळ भरलं होतं.

बुधवारी मशीनला जोडलेला असताना त्यानं बिसेर्काला विचारलं. बिसेर्का तिथली नर्स, उंच, मोठ्या आवाजाची. सोमवारी काट्यावर कुणाचं वजन जास्त भरलं की ती साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारायची, "काय काका, नदी प्यायलात का?" तिनंच त्याला वर्षभर कामाला लावलं होतं. मशीनवर पडल्यापडल्या पायांनी सायकलसारखं पेडल फिरवायचं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. भिंतीवर तिचा कागद होता. गेल्या ऑगस्टमध्ये विदोसावच्या नावापुढं अर्ध्या मिनिटात चार होते, आता अकरा. क्रुनाचे तेरा होते आणि त्यांचा विषय ती गाडीत बसल्यावर दर वेळी काढायची.

गवत कापायचंय म्हटल्यावर बिसेर्का आधी हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून थांबली. सावड काय असते ते तिला सांगावं लागलं नाही, तीही खेड्यातलीच. डॉक्टरला तिनं स्वतः बोलावून आणलं. डॉक्टरनं पायांचे घोटे दाबून बघितले, छाती ऐकली, कागद उलटेपालटे केले. त्याला ही कल्पना मुळीच आवडली नाही. पण नको म्हटलं तर हा माणूस चोरून जाईल, त्यापेक्षा सांगून गेलेला बरा, असा त्यानं हिशेब केला असावा. डाव्या हातावर भार नाही. ऊन तापायच्या आत घरी. पाणी मोजूनच. छातीत धडधडलं की त्या क्षणी विळा खाली. आणि रविवार म्हणजे मशीनपासून दुसरा दिवस, अंगात पाणी साठलेलं असणार, म्हणून शनिवारी खाण्यापिण्याला जीभ बांधून ठेवायची. एक पात, म्हणजे माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा एक पट्टा, कापायची, दुसरी नाही.

डॉक्टर गेल्यावर विदोसावनं हळूच विचारलं, की काल मी पडलो आणि उठायला वाटाण्याचं भांडं भरलं, म्हणजे माझ्यात काही राहिलं नाही, असंच ना?

बिसेर्का त्याची नळी नीट करत होती. "काका, इथं कोण पडतं ते मी बघतच नाही," ती म्हणाली. "पडतात सगळेच. मशीनवरून उतरल्यावर कोण किती वेळात परत माणसात येतो, ते बघते. गेल्या साली तुम्हाला दुसरा दिवस उजाडायचा. आता?"

आता तो घरी येऊन दोन तास झोपायचा आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायचा. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कोंबड्यांच्या आलं होतं, त्या चार वाजता दारात येऊन उभ्या राहायच्या.

"पडलात तर घाबरू नका," बिसेर्का म्हणाली. "पाय पोटाशी घ्या, पुढं वाका, श्वास सोडत उठा. इथं खुर्चीवरून उठता तसंच. गवत काय आणि खुर्ची काय."

गुरुवारी तो परत उतारावर गेला, लेपोसावा परत झाडाखाली बसली. या वेळी त्यानं घाई केली नाही. विळा हातानं ओढत नाहीत, कमरेनं ओढतात, हे बापानं शिकवलेलं त्याला आठवलं. डावा हात नुसता दांड्यावर ठेवायचा, दिशा द्यायला. उजवा पाय पुढं, कमर वळली, गवत सळसळून डावीकडं पडलं. वीस हात गेला, मग पोटरीत पेटका आला आणि तो स्वतःच खाली बसला. पाय ताणला, श्वास सोडला, पुढं वाकला, उठला. लेपोसावानं भांडं दाखवलं, अर्ध्याच्याही खाली. त्या दिवशी तिनं बटाटे, त्यातला क्षार जावा म्हणून, दोनदा उकळून, पाणी टाकून देऊन, वर त्याच्या आवडीचा कांदा परतून घातला आणि जेवताना त्याच्या ताटाकडं दोनदा बघितलं. विदोसावला त्या बघण्यानं पोटभर झालं.

शुक्रवारी मशीन झालं. शनिवारी त्यानं जीभ बांधली. झाडाला लगडलेल्या जर्दाळूंकडं पाठ करून तो पडवीत बसला आणि छोट्या ऐरणीवर विळ्याचं पातं ठोकत राहिला. टक टक टक, असा आवाज वरच्या आळीपर्यंत जात होता. त्या गावात तो आवाज ऐकून कोण कुठं कापायला निघालाय ते कळतं. ओब्रादलाही कळलं असणार. त्याच्याकडून तरीही निरोप आला नाही.

न बोलावता इर्जिकीला जाणं लाजिरवाणं. पण ज्याच्याकडं सावड आहे त्याला हाकलता येत नाही, हाही रिवाजच. रविवारी सूर्य उगवायच्या आत विदोसाव निघाला. खांद्यावर विळा होता, कमरेला शिंग, शिंगात पाणी आणि धारेचा दगड. मागून दंताळं घेऊन लेपोसावा, आणि तिच्या पिशवीत दिवसाची बाटली, अर्धीच भरलेली. या वेळी त्यानं नाडीचं नाटक केलं नाही. चढावर थांबायचं तिथं थांबला, उघड थांबला, आणि निघाला.

चर्चच्या वरच्या अंगाला ओब्रादचा माळ. असा तिरका की यंत्र तिथं उलटतं. पाच जण जमले होते. ओब्राद, मिलिसाव, दोघे भाऊ आणि पोस्टमन. पोस्टमन चोपन्न वर्षांचा, सगळ्यांत लहान, म्हणून त्याला सगळे पोरगा म्हणत. विदोसावला बघून बोलणं थांबलं. मिलिसाव घसा खाकरून आभाळाकडं बघू लागला, आभाळात काहीच नव्हतं.

ओब्राद पुढं आला. "आलास तर बस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तिथं सावलीत ऐरण ठेवलीय. आमच्या विळ्यांना धार लाव. तुझ्यासारखी धार गावात कुणाची नाही. तेही कामच आहे."

"तू माझ्या सावलीत बसून धार लावलीस का गेल्या साली?"

"विदोसाव…"

"तू विळा चालवलास. मी विळा आणलाय."

ओब्राद लेपोसावाकडं वळला. तिनं काहीतरी बोलावं, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. लेपोसावा दंताळ्यावर हनुवटी टेकून उभी होती. "माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "मी याला चाळीस वर्षं समजावतेय. तुला आजच्या सकाळी जमणार असेल तर बघ."

मग ओब्रादनं त्याला शेवटची पात दिली, अगदी वरच्या कडेची. कापणारे एकामागे एक तिरपे लागतात, मागच्याचं पातं पुढच्याच्या टाचेशी. हळू चालणाऱ्याला पुढचा हसतो, मागचा शिव्या देतो. शेवटच्याच्या मागं कुणी नसतं, म्हणून ती जागा नवशिक्याची. काल-परवापर्यंत ती पोस्टमनची होती. पोस्टमन एक पायरी वर चढला म्हणून खूश झाला, आणि विदोसावनं अपमान गिळला, कारण पात ती पात.

दव होतं, गवत ओलं आणि मऊ, विळ्याला साखरेसारखं. सहा विळे सळसळले. पाच पुढं गेले. विदोसावनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. कमर वळव, पाऊल टाक, श्वास सोड. पंधरा हातांनी थांब, दगड काढ, पात्याला धार लाव. धार लावायची म्हणजे सगळ्यांच्या देखत उभं राहायची हक्काची जागा, ती त्यानं पुरेपूर वापरली. तिसऱ्या वेळी शिंगातलं पाणी बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि शिंगातलं पाणी कसलं हिरवट ते माहीत असूनही मन तिकडं ओढलं. लेपोसावा मागून ओरडली, "म्हाताऱ्या, ते दगडाचं आहे." सगळा माळ हसला. तोही हसला, आणि हसल्यानं श्वास मोकळा झाला. तिनं बाटलीतला एक घोट आणून दिला. तो त्यानं तोंडात घोळवून घोळवून गिळला.

पहिले पाच जण आपली पात संपवून परत फिरले, दुसरीला लागले, तेव्हा विदोसाव पातीच्या निम्म्यावर होता. सूर्य वर आला होता. कानात घूंघूं सुरू झालं, हाताचं का डोक्याचं ते कळेना. त्यानं छातीवर हात ठेवला. छाती नीट चालत होती. पोटऱ्या मात्र दोन्ही एकदम आवळल्या आणि तो जिथं होता तिथं, कापलेल्या गवतावर, बसला.

ओब्रादनं विळा टाकला आणि धावत चढू लागला. त्याच्या वाटेत लेपोसावा आली. तिनं दंताळं आडवं धरलं.

"थांब," ती म्हणाली.

"अगं, तो…"

"बसलाय. पडला नाही. त्याला उठू दे, ओब्राद. तू हात दिलास तर तो घरी जाऊन झोपेल आणि मग खरंच उठणार नाही."

ओब्राद थांबला. खाली चौघं उभे होते. काय करावं ते कुणाला कळेना. मग मिलिसावनं शिंगातून दगड काढला आणि आपल्या विळ्याला धार लावू लागला. भावांनी काढला. पोस्टमननं काढला. धार सगळ्यांची आत्ताच लागलेली होती, पण त्या माळावर चार दगड चार पात्यांवर घासत राहिले. कुणी वर बघत नव्हतं. बसलेल्या माणसाला बसू द्यायचं, म्हणून अख्खा माळ कामात होता. विदोसावला ते ऐकू येत होतं आणि ते कशासाठी आहे तेही कळत होतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं घामाच्या निमित्तानं बाहीनं तोंड पुसलं.

पाय ताणले, एक, मग दुसरा. पेटका हळूहळू सुटला. पाय पोटाशी घेतले, पुढं वाकला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमता जमता राहिलं. खाली दगड घासतच होते, पोस्टमनचं पातं आता नखाएवढं पातळ झालं असेल. तिसऱ्यांदा त्यानं श्वास सोडला आणि उठला, हात न टेकता, दांड्याला न धरता. उठून उभा राहिला तेव्हा समोर ओब्राद होता, दंताळ्यापलीकडं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या पातीवर उभा आहेस," विदोसाव त्याला म्हणाला. "सरक."

ओब्राद सरकला. खालचे दगड थांबले.

चर्चची घंटा झाली तेव्हा विदोसावची एक पात पुरी झाली होती. बाकीच्यांच्या चार-चार झाल्या होत्या, पोस्टमनच्या तीन. त्यानं विळा गवतानं पुसला आणि सावलीत येऊन बसला. डॉक्टरनं सांगितलेली एकच झाली, दुसरीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. खरं तर एवढा दमला होता की बघितलं असतं तरी दिसली नसती.

ओब्रादच्या बायकोनं चादर अंथरली. राजमा, चीज, पाव, कांदा. राजमा त्याला चालत नाही म्हणून लेपोसावानं पिशवीतून दोनदा उकळलेले बटाटे काढले. दोघा भावांनी ते काय म्हणून चाखून बघितले आणि पुन्हा चाखले नाहीत. प्लमच्या दारूची बाटली फिरली. विदोसावनं ओठ भिजवण्याइतकी घेतली आणि लेपोसावानं तेवढंच पाणी बाटलीतून गवतात ओतलं. मिलिसावनं विचारलं, हे काय? तिनं सांगितलं. मग सगळ्यांना त्याचं एवढं हसू आलं की प्रत्येक प्याल्याला ते तिला म्हणू लागले, आमचंही ओत, आमचंही ओत.

ओब्राद हसत नव्हता. तो गवताची काडी चावत वरच्या कडेच्या पातीकडं बघत होता. पात काही सरळ नव्हती. निम्म्यावर, जिथं विदोसाव बसला होता, तिथं गवत दबून गेलं होतं आणि पुढं ती थोडी वाकडी गेली होती. बाकीचे उठून विळे गोळा करू लागले. विदोसाव उठला, एका दमात उठला, आणि निरोप घ्यायला ओब्रादपुढं आला. आता हा काय म्हणेल ते त्याला माहीत होतं. म्हणेल, फिटली, आता विसर. त्यासाठी त्यानं मनाची तयारीही केली होती.

ओब्रादनं काडी थुंकली.

"एक पात झाली," तो म्हणाला. "माझ्या दोन सकाळी होत्या."

विदोसाव बघत राहिला.

"असा बघू नकोस. वाकडी कापलीस, तरी मी धरतो. पण अजून पुष्कळ बाकी आहे तुझ्याकडं, आणि मी एक काडी सोडणार नाही. मंगळवारी गवत उलटायचंय. सकाळी ये, लवकर. उशीर केलास तर ऐकून घ्यावं लागेल."

विदोसावनं मान वळवली, विळा खांद्यावर चढवला आणि बायकोला विचारलं, मंगळवारी आपलं काय आहे?

"कोंबड्यांचं खुराडं बांधायचंय," लेपोसावा म्हणाली.

"बघतो," विदोसाव ओब्रादला म्हणाला. "माझ्याही मागं कामं आहेत."